बागेकडचं दार

आई, लखनौची ती कोठी बाबांना रेल्वेने राहायला दिली होती, पण दाखवत ते अशी की जणू स्वतःच बांधली. पाहुणे आले की कप हातात घेऊन सांगत फिरायचे: कुणा इंग्रजाने विलायतेतल्या आपल्या गावच्या हवेलीसारखी ती उठवली, त्याच्या नातवाने पुढे खांबांचा व्हरांडा जोडला, नंतरच्या कुणी नाचाच्या दिवाणखान्यात मधोमध भिंत घातली. त्यातल्या अर्ध्या भागाची रेल्वेने सामानाची खोली केली आणि तिचं बागेकडचं दार जेमतेम एका विटेच्या जाडीच्या भिंतीने बुजवलं. बाकीच्या भिंती हातभर जाड. तू ट्रे घेऊन मागे उभी असायचीस. तुला कुणी काही सांगत नव्हतं, तरी सगळं पाठ झालं होतं.

त्या दुपारी बाबांनी व्हरांडा पहिल्या साहेबाचाच म्हणून सांगितला. तू सहज म्हणालीस, "अहो, तो तर नातवाचा ना?" पाहुणे खदखदून हसले. "भाभीजी तो आपसे आगे निकलीं, इंजीनियर साहब!" बाबाही हसले. पाहुण्यांची जीप फाटकाबाहेर गेली आणि त्यांनी तुझी वेणी मनगटाला गुंडाळली. तुझं कपाळ चौकटीवर आपटतं, पुन्हा आपटतं. मी मध्ये पडते, आणि माझ्या तोंडात रक्ताची चव येते. मग आपण दोघी सामानाच्या खोलीत, बाहेरून कडी. "कुजा आत!"

तुझा मार तू वर्षानुवर्षं सोसला होतास. मला मात्र त्यांनी पहिल्यांदाच मारलं होतं. तू पदराने माझा ओठ पुसलास, खलातला लोखंडी बत्ता उचललास आणि भिंतीवर ठोकत गेलीस. एका जागी आवाज पोकळ आला. "मागे हो," म्हणालीस. विटा फुटू लागल्या तसा बाहेरून माळी ओरडला, "बहूजी, ये क्या कर रही हैं?"

"दरवाज़ा खोल रही हूँ, भैया."

"यहाँ दरवाज़ा कहाँ है?"

"है."

आवाज ऐकून बाबा बागेतून धावत आले. भगदाडातून हात घालून त्यांनी तुझी वेणी धरली. तू बत्ता हाणलास. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा ऐकला. वेणी सुटली होती, तरी तू पुन्हा हाणलास. मला तो दुसरा घावच जास्त आठवतो. बाबा गुलाबांच्या वाफ्यात मटकन बसले. "चप्पल घाल," तू मला म्हणालीस, आणि केसांत विटांचा भुगा घेऊन आपण त्या भगदाडातून बाहेर पडून रिक्षाने चारबाग स्टेशन गाठलं. परत कधी गेलो नाही.

मी गेले, आई, मागच्या हिवाळ्यात. तुला हे जग सोडूनही आता खूप वर्षं झाली. बाबांनंतर कोठी ओसच पडली म्हणे, भगदाड कुणी बुजवलं नाही. चौकीदार ते सत्तावनच्या बंडातलं म्हणून कौतुकाने दाखवत होता. "गदर का है, मैडम. तोप का गोला लगा था." मी म्हटलं, "अच्छा." तो म्हणाला, "हाथ डालकर देखिए, आर-पार है."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर सांगून टाकते. मी हात घातला नाही. पलीकडे तू असशील असं वाटलं.