अर्ध्या लादीचं आमंत्रण

तीर्थरूप आत्याच्या पायांशी,

साष्टांग नमस्कार. (खरं तर अर्धाच. पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे गुडघ्यापर्यंत वाकून तिथेच थांबलो आहे. उरलेला नमस्कार उसण उतरली की घालीन, विसरणार नाही.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डाव्या कानात शिट्टी वाजायची ती थांबली का? मांजर अजून तुझ्याच उशीवर झोपतं, की आता त्याला माझी उशी देऊन टाकलीस? भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढेच आहे ना? ते मागे घेऊ नकोस. माझी गाडी चुकू नये म्हणून तू ते पुढे केलंस आणि तरी माझी गाडी चुकली, त्यात घड्याळाचा दोष नव्हता. वाटेत एक माणूस विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढत होता, ती निघते की नाही ते बघत मी उभा राहिलो. (निघाली. पण ती त्याची नव्हतीच, दुसऱ्याच कुणाची तरी जुनी बादली निघाली. त्याची अजून आतच असेल.)

तुझं कार्ड पोचलं. तिसरं. तिन्ही कार्डांवर मिळून तू एकच प्रश्न विचारला आहेस, "बाकी राहू दे, जेवतोस कुणाबरोबर?" पहिल्या वेळी मी उत्तरात इथल्या उन्हाबद्दल चार पानं लिहिली. दुसऱ्या वेळी दाढेबद्दल. आता तू लिहिलं आहेस की या खेपेला उत्तरात माणूस आला नाही तर मुकाट्याने सामान बांधून परत ये, काकांना गिरणीवर दळणाचे डबे उचलायला कुणीतरी हवंच आहे. आत्या, मला यायचं नाही. पीठ नाकात जातं आणि दिवसभर शिंका येतात हे एक कारण झालं. दुसरं असं की तीन वर्षांत मी चार गावं सोडली, आणि एकाही गावात निरोप द्यायला कुणी आलं नाही, त्यामुळे सोडणं फार सोपं गेलं. पिशवी उचलली की झालं. या वेळी मला सोडताना जड जाईल असं एक तरी गाव करायचं आहे. तेव्हा तुला माणूस दाखवणं भाग होतं, आणि त्यासाठी मी जे केलं ते आता सविस्तर सांगतो. पाणी पिऊन बस.

आधी नोकरी सांगतो. मी बर्फाच्या कारखान्यात आहे. ऐकायला गार वाटतं. एका मोठ्या हौदात मिठाचं पाणी असतं, त्यात साध्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे उभे करतात, आणि दुसऱ्या दिवशी आत लादी धरलेली असते. डबा साखळीने वर ओढायचा, क्षणभर साध्या पाण्यात बुडवायचा म्हणजे लादी सुटते, मग तो आडवा केला की लादी सुळ्ळकन बाहेर येते. ती लोखंडी आकड्याने ओढत गाडीपर्यंत न्यायची. पायात गमबूट. कमरेच्या खाली हिवाळा आणि कमरेच्या वर उन्हाळा, त्यामुळे एकाच वेळी शिंकही येते आणि घामही. (उसण यातूनच भरली. डॉक्टरांनी शेकायला सांगितलं आहे. मुकादमाला हे सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.)

उन्हाळ्यात हौद थांबत नाही. आम्ही पाच जण आणि हातमोजे चार जोड. म्हणजे एक जण कायम जेवत असतो. तो आला की हातमोजे घेतो आणि दुसरा आपला जेवणाचा डबा उचलून मागच्या ओट्यावर जातो, असं आळीपाळीने. ही पद्धत कुणी काढली ठाऊक नाही, पण तिच्यामुळे झालं असं की दोन महिने मी या चौघांच्या खांद्याला खांदा लावून राबतोय आणि त्यांच्यातल्या एकालाही घास तोंडात घालताना पाहिलेलं नाही. साखळीवाल्याच्या मिशीला कधी काय लागलेलं असतं त्यावरून त्याच्या घरी काय शिजलं ते मी ओळखतो, तेवढीच काय ती जवळीक. मी ओट्यावर बसतो तेव्हा समोर भिंत असते. भिंतीवर एक पाल आहे. जेवायला सोबत म्हणून तिचंच नाव मी तुला कळवणार होतो, पण तू ओळखलं असतंस.

आता राहतो ते. चार मजली इमारत आहे आणि चौथ्या मजल्यावर, पत्र्याखाली, माझी खोली. कारखान्यात लादी फुटली तर ती विकायला जात नाही, ज्याच्या हातून फुटली तो घरी नेतो असा रिवाज आहे. (शिक्षा म्हणून सुरू झाला असावा, कारण ओझं फार होतं.) तुझा भाचा असल्यामुळे माझ्या हातून रोज एक तरी फुटते. मी मन लावूनच काम करतो, पण वर पत्र्याला एक भोक आहे, त्यातून उन्हाचा ठिपका पाण्यावर पडतो आणि हलतो, तिकडे लक्ष जातं. तर रोज संध्याकाळी मी गोणपाटात भुसा भरून, त्यात तुकडा गुंडाळून, खांद्यावर टाकून जिना चढतो. तळमजल्यावर इस्त्रीवाला, तो बर्फाची कपची घेऊन मानेवर ठेवतो आणि डोळे मिटतो. पहिल्या मजल्यावर शिंपीणबाई पातेलं घेऊन उभ्या. दुसऱ्यावर निवृत्त मास्तर, त्यांचे पाय सुजतात म्हणून घमेलं. तिसऱ्यावर नर्सताई, त्यांची रात्रपाळी असते, दिवसा झोप लागत नाही म्हणून पंख्यापुढे परात. सगळे माझी वाट बघत असतात! जिन्यात पाय ठेवला की वरपर्यंत हाक जाते, "अरे, बर्फ आला!" आत्या, बर्फ आला म्हणजे मी आलो. मला इथे बर्फच म्हणतात. "काय बर्फ, आज उशीर?" असं. पहिले पंधरा दिवस मला वाटलं की इतकी माणसं आयुष्यात कधी जोडली नव्हती. मग एकदा कारखाना एक दिवस बंद राहिला आणि मी रिकामा जिना चढलो. चारही दारं बंद. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत एरवीही माझ्याकडे ओलं गोणपाट आणि लिंबाएवढा खडा उरतो. तो पेल्यात टाकतो आणि विरघळेपर्यंत बघत बसतो. पाणी मग पितोच.

तुझं तिसरं कार्ड आल्यावर मी ठरवलं, सगळ्यांना जेवायला बोलवायचं. रविवारी, भर दुपारी बारा वाजता. म्हणजे एक सोडून चार माणसं कळवता येतील आणि तू गप्प बसशील. शुक्रवारी बर्फ देतादेताच आमंत्रणं केली. आता इथे माझी चूक झाली, ती माझ्याकडूनच ऐक, नाहीतर तू इमारतीला नावं ठेवशील. शिंपीणबाईंना मी म्हणालो, रविवारी बाराला वर या. त्यांनी विचारलं, का रे? मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांच्या मशीनचं चाक दिसलं आणि आमच्या साखळीच्या चाकाची आठवण झाली, मग साखळी कशी एकदा सुटली, मुकादम कसा टेबलावर चढला, हे सांगत बसलो, आणि त्यांचं दूध उतू गेलं. मास्तरांकडे बादलीची गोष्ट निघाली. (विहिरीतली. त्यांनाही ती कुणाची होती ते जाणून घ्यायचं होतं.) नर्सताईंना उसण दाखवली. इस्त्रीवाल्याशी पालीबद्दल बोललो. प्रत्येकाला वार सांगितला, वेळ सांगितली, मजला सांगितला. "जेवायला" हा एक शब्द तेवढा चारही ठिकाणी राहिला. तू म्हणतेस ना, याला मिठाला पाठवलं की हा दुकानदाराच्या नातवाचं बारसं ऐकून हात हलवत येतो, ते अगदी खरं आहे.

रविवारी पहाटे उठून भात केला, पातेलंभर. बटाट्याची भाजी केली, तिखट जास्त पडलं म्हणून बटाटे वाढवले, मग मीठ कमी पडलं, असं करतकरत ती दहा जणांची झाली. काकड्या चिरल्या. कलिंगड आणलं. आणि पाहुण्यांना गार पाणी मिळावं म्हणून मुकादमाकडून अर्धी लादी मागून आणली (ही फुटलेली नव्हती, मुद्दाम कापलेली होती, आयुष्यात पहिल्यांदा), ती खोलीच्या मधोमध परातीत उभी केली आणि कलिंगड तिला टेकवलं. बसायला सतरंजी नाही, म्हणून जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, समोरासमोर दोन रांगा. माश्या बसू नयेत म्हणून जेवण कपड्याखाली झाकलं. सदरा घातला. इस्त्रीचा.

बाराला दार वाजलं. शिंपीणबाई. हातात पातेलं. त्यांच्या मागे मास्तर, घमेलं. त्यांच्या मागे नर्सताई, परात, आणि परातीत आणखी एक डबा, कारण रविवारी जास्त मिळणार असं त्यांना वाटलं होतं. तिघांनी मधोमध उभी असलेली लादी बघितली आणि तिघांचेही चेहरे असे फुलले की मी बोलायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मास्तर म्हणाले, "बरं केलंस बाबा बोलावलंस, रविवारी तुझी सुट्टी, आमचे फार हाल होतात." शिंपीणबाई वर्तमानपत्रांवरून साडी सावरत, जपून पावलं टाकत आल्या आणि नर्सताईंना म्हणाल्या, "पाणी सांडू नये म्हणून कागद घातलेत बघा. शिस्तीचा आहे हो मुलगा." आत्या, मला शिस्तीचा असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. हात आपोआप बर्फ फोडायच्या टोच्याकडे गेला. मी फोडत गेलो, ते भरत गेले. मास्तरांना वास आला. त्यांनी कपडा जरासा उचलून पातेल्यात डोकावलं आणि कौतुकाने मान हलवली, "एवढा भात एकटा खातोस? खा, खा, तरुण वय आहे." मग दोघींना म्हणाले, "चला, त्याला जेवू द्या निवांत, ताटकळत ठेवू नका." आणि माझं जेवण खोळंबू नये म्हणून सगळे अगदी घाईने निघून गेले. जाताना दारही ओढून घेतलं. इतकी चांगली माणसं आहेत. एकात कणभर खोट असती तर मला रागावता तरी आलं असतं.

मी कलिंगड उचललं, कारण टेकायला लादी उरली नव्हती. ते मांडीवर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात इस्त्रीवाला आला. रिकाम्या हाताने. त्याला कधी भांडं लागत नाही हे मी विसरलोच होतो. त्याने कागदांच्या दोन रांगा बघितल्या, झाकलेलं पातेलं बघितलं, माझा सदरा बघितला (त्यानेच केलेली इस्त्री), आणि म्हणाला, "कुणी यायचंय का?" मी म्हणालो, तू. तो कोपऱ्यात गेला, हात धुतले आणि समोर येऊन मांडी घालून बसला. मी दोन ताटं वाढली. आम्ही जेवलो. त्याने भाजी दोनदा मागून घेतली.

तर आत्या, हे तुझं उत्तर. मी इस्त्रीवाल्याबरोबर जेवतो. काकांना सांग की गिरणीसाठी दुसरा कुणीतरी बघा. गुडघ्याला तेल लाव. मांजराला माझी उशी दिलीस तरी माझी हरकत नाही, फक्त उन्हात घालत जा.

तुझा,
वाकलेला भाचा

ता. क. वरचा मजकूर पुन्हा वाचला. तो बसला हे खरं. त्याने हात धुतले हेही खरं. जेवला हे खोटं. मी ताट वाढलं, तो पहिला घास कालवत होता, आणि त्याने नाक वर केलं. म्हणाला, काहीतरी जळतंय. मी म्हणालो, भात लागला असेल. तो म्हणाला, भात नाही, सदरा. तव्यासारखी तापलेली इस्त्री तो खाली मास्तरांच्या सदऱ्यावर ठेवून आला होता. जिन्यावरून त्याचे पाय वाजत खाली गेले ते मला तळमजल्यापर्यंत ऐकू आले. त्याचं ताट मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

दुसरा ता. क. सोमवारी जिन्यात तो मला म्हणाला, "रविवारचं जेवण राहिलं बघ." एवढंच. मी तिथल्या तिथे पुढचा रविवार सांगायला हवा होता. पण त्याच्या अंगठ्याला भाजल्याचा डाग होता, त्यावरून मी त्याला मुकादमाच्या अंगठ्याची गोष्ट सांगत बसलो, आणि ती संपेपर्यंत त्याचं गिऱ्हाईक आलं. आज पुन्हा जाणार आहे. तोंडात तेवढा एकच शब्द धरून.

तिसरा ता. क. हे पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. तू दुपारी किती वाजता जेवतेस ते कळव. मुकादमाला विचारलं आहे, हातमोज्यांची पाळी मागेपुढे करता येईल, म्हणजे ओट्यावर मी त्याच वेळी बसेन. पुढच्या कार्डावर तू तेच विचारशील तेव्हा मला काही बनवून लिहावं लागणार नाही. (तू कुणाबरोबर जेवतेस हे मी तीन वर्षांत कधी विचारलं नाही. आता एकदम विचारायला लाज वाटते, म्हणून नुसती वेळ विचारतोय.) आणि ती वेळ घड्याळातली वीस मिनिटं वजा करून सांग. नाहीतर मी पहिला घास घेईन तेव्हा तुझे हात धुऊन झालेले असतील.