माझ्या बगळ्याचा गुडघा

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. राग वहीत काढा, असं बायको म्हणते. म्हणजे तिच्यावर काढू नका.

चोरी झाली आहे. नव्या वाचनालयाच्या भिंतीवर माझा बगळा! भिंतभर! आणि काढणारी कोण, तर सख्ख्या ताईची मुलगी. जिला ब्रश धरायला मी शिकवलं. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांत आणि लॉजच्या खोल्यांत माझा बगळा टांगलेला आहे. लोक मला बगळेवाले म्हणतात. दुसरी ओळख मला नाही.

पुरावा: गुडघा. खऱ्या बगळ्याचा पाय मागे दुमडतो, माझ्या बगळ्याचा गुडघा माणसासारखा पुढे येतो. एका पक्षीवाल्या डॉक्टरने ही चूक दाखवली होती. ही शैली आहे, असं सांगून त्याला गप्प केलं. भाचीच्या बगळ्याला तोच गुडघा! वर तो मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्याकडे बघतोय, हा इकडे कसा आला अशा चेहऱ्याने. बघणारे हसत होते. चोरी ती चोरी, वर थट्टा. खाली एक पाटी होती. वाचली नाही. चोराचं काय वाचायचं?

४ मार्च
ताईला फोन. चित्र पुसायला लाव, नाहीतर तुला भाऊ नाही असं समज, असं ठणकावलं. तिने विचारलं, जेवलास का.
संकल्प: ताईशी बोलणं बंद.

६ मार्च
कला मंडळाकडे तक्रार. अध्यक्ष म्हणाले, प्रेरणा घेतली असेल हो. म्हटलं, प्रेरणा मी घेतो, ती चोरते. माझी प्रेरणा जगजाहीर आहे. बालपण, पहाट, तळं, धुकं, एकटा बगळा. मुलाखतींत छापून आलंय. अध्यक्षांनी विचारलं, त्या बगळ्याचाही गुडघा पुढे होता का? खवचट माणूस. सुनावणी रविवारी.

७ मार्च
भाचीचा मेसेज. मामा, पाटी वाचलीस का? उत्तर दिलं नाही. ताईशी बोलणं बंदच आहे. ते तिला कळावं म्हणून फक्त एकदा फोन केला.

९ मार्च, रविवार
सुनावणी. मी जोरदार बोललो. हा गुडघा म्हणजे माझी सही, जगात दुसऱ्या कुणाला सुचणार नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं.

मग अध्यक्षांनी पाटीचा फोटो वाचून दाखवला. ‘आईने शाळेत असताना उशीच्या अभ्र्यावर भरलेल्या बगळ्यावरून, आणि मामाच्या बगळ्यांवरून.’

ताईने पिशवीतून अभ्रा काढला. निळ्या दोऱ्याचा बगळा. गुडघा पुढे. ही उशी लहानपणी याचीच होती, असंही तिने सांगून टाकलं. मी म्हणालो, ती डोक्याखाली होती, डोळ्यांसमोर नव्हती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ताई म्हणाली, "टाके चुकले होते माझे. शाळेत होते रे मी. तू तरी सुधारायचास."

तक्रार निकालात.

माझा पहिला बगळा ताईच्याच घरात आहे, दारासमोर. येता-जाता बघत असणार. इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाही. मला तिचा भयंकर राग आलाय. तेव्हाच बोलली असती तर मी आज कोण असतो?

१० मार्च, पहाटे
संकल्प: यापुढे सगळं अस्सल, स्वतःचं.
तळ्यावर गेलो. पहाटेचं तळं एवढं गार असतं हे माहीत नव्हतं. बगळा होता. पाय मागे दुमडलेला, स्पष्ट दिसत होता. काढला. कागदावर गुडघा पुढे आला. पुन्हा काढला. पुन्हा पुढेच. रागाने वही आपटली, तर बगळाही उडून गेला.

ताईला फोन केला. बोलणं बंद आहे, पण हे कामाचं होतं. विचारलं, तेव्हा तू आणखी काही भरलं होतंस का?

ती म्हणाली, एक बदक आहे. अर्धवट राहिलंय, पायच भरले नाहीत.

चालेल, म्हणालो. पण तिने फोन ठेवला होता.