सॉसच्या बाटलीमागची काकडी

लाडके वर्नेल,

आधी तुझ्या गुडघ्याला आराम पडो, मग बाकीचं.

नात ओडेसाने धूर देऊन मांस शिजवायची नवी भट्टी घेतलीय, आणि पहिल्याच खेपेला सासऱ्यांना जेवायला बोलावलं. हेच सासरे, ह्यूबर्ट, तिला म्हणाले होते, "बायकांनी केक करावेत, आगीपाशी त्यांचं काय काम?"

ओकची लाकडं सुकी होती, धूर छान निळा निघाला. पण दुपारी मांसाची उष्णता चढायचीच थांबली. पोर रडकुंडीला आली. "आजी, आणखी लाकडं घालते."

"घाल, आणि सासऱ्यांना चपलेसारखं वातड मांस वाढ. मांसाला घाम सुटलाय, म्हणून उष्णता अडलीय; तो सुकला की चढेल. थांब जरा." तिने झाकण उघडू नये म्हणून भट्टीपाशी खुर्ची टाकून बसलेच मी. तुझ्या कोंबड्या अंडी घालतात का गं आता?

रात्री जेवताना ह्यूबर्टनी पहिला घास खाल्ला आणि हात सॉसच्या बाटलीकडे नेला. ओडेसाचा चेहराच उतरला. आपल्याकडे सॉस घेतला म्हणजे मांस फसलं, तुला ठाऊकच आहे.

त्यांनी बाटली बाजूला सारली आणि मागची खारवलेली काकडी उचलली. म्हणाले, "सूनबाई, मांसाचा अजून एक काप वाढ."

आज सुखाने झोपेन.

तुझी थोरली बहीण,
आर्डेलिया