गाडीला मागे डोळे बसवले त्या आठवड्यात

३ जून, सोमवार
ठरलं. गाडी विकायची नाही, नवी करायची. लेक म्हणते, गाडी म्हातारी झाली. वय गाडीचं काढते, बघते माझ्याकडे. फाटकाच्या डाव्या खांबाला माझा अधूनमधून ओझरता स्पर्श होतो, एवढंच. मुळात खांबच चुकीच्या जागी आहे. ती रविवारी येणार. अट अशी: गाडी फाटकातून मागे घेऊन दाखवायची. खांबाला लागली तर किल्ली तिची. मी लगेच हो म्हटलं. बिचारी हरणार.

४ जून
अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गाडी सोडली. मागचा कॅमेरा, मोठा स्क्रीन, सेन्सर, सेंट्रल लॉकिंग. दुकानदार म्हणाला, काकू, या मॉडेलला एवढं कोणी बसवत नाही. मी म्हटलं, म्हणूनच बसवा. घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

५ जून
स्क्रीनसाठी ह्यांचा जुना टेप काढावा लागला. हे असते तर म्हणाले असते, राहू दे, चालतोय अजून. कितीतरी वर्षं चालत नव्हता. दुकानदार टाकून देणार होता. मी घरी आणून कपाटात साड्यांच्या मागे ठेवला.

६ जून, दुपारी
आली! किल्लीचं बटण दाबलं की चारही दारं टक्क. उघडली, लावली, उघडली, लावली. शेजारीण खिडकीतून विचारत होती, काही बिघडलंय का. स्क्रीनवर खांब, कुंडी, मांजर, सगळं हजर. शाळेत सिस्टर सांगायच्या, मुलींनी सारखं मागे वळून बघू नये. आता गरजच नाही.
संकल्प: रोज अर्धा तास सराव.

७ जून
सराव नाही. सीट कव्हरं निवडत होते. मोरपंखी.

८ जून
सराव नाही. माहितीपुस्तकाचं अक्षर फार बारीक. पण त्यात काय वाचायचंय? गाडी मागे घेताना हे मागे उभे राहायचे. "ये, ये, ये, ये." हे बोलताहेत तोवर रस्ता मोकळा. गप्प झाले की ब्रेक. सेन्सरही तेच करणार, फक्त पीं पीं करून.

९ जून, रविवार
सकाळच्या उन्हात स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता. बिघडलं कुठे? सेन्सर होता. लेक पायरीवर हाताची घडी घालून उभी. मी रिव्हर्स टाकला.
पीं... पीं. छान. मग पीं पीं पीं, जरा उत्साहाने. अगदी ह्यांचा सूर. मी निर्धास्त मागे, मागे. मग तर दम न घेता पींऽऽऽ. माझं मन भरून आलं. तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि सेन्सर गप्प.
मी ताबडतोब ब्रेक मारला.
खांब आडवा. मी लेकीला समजावलं की चूक सेन्सरची. थांबायचं होतं तर गप्प बसायचं, ओरडायचं कशाला? ती आधी भडकली. मग तिला काहीतरी कळलं, आणि ती डिकीला टेकून हसत सुटली. डोळे पुसत म्हणाली, "आई, तू बाबांचं ऐकत होतीस."
मी किल्ली दिली. अट ती अट.

१० जून
लेक गाडी घेऊन गेली. विकणार नाही, स्वतः वापरणार म्हणे. मोरपंखी कव्हरं आवडली असणार. सेन्सर मोडलेला, फाटकाशी विटा पडलेल्या, म्हणून मीच मागे उभी राहिले. "ये, ये, ये." विटांपाशी आल्यावर गप्प झाले. तिने तिथल्या तिथे ब्रेक मारला. हे तिला कोणी शिकवलं, विचारायचं राहूनच गेलं.
फाटक आता चांगलं रुंद झालंय. मला तर डोळे मिटून गाडी काढता येईल.
गाडी तेवढी नाही.