क्रियापदाआधी खाकरावे

२ जून
विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, फेब्रुवारीच्या सत्रात विद्यार्थी आले नाहीत तर तुमची भाषा बंद. तुम्हाला परीक्षा विभागात घेऊ, तिथे सही करायला माणूस हवाच आहे. मी नुसता हसलो. सकाळीच सिनेमावाल्यांचा फोन येऊन गेलाय! ऐतिहासिक, प्रचंड बजेट. राजा, सेनापती, सैन्य, सगळे माझ्या भाषेत बोलणार. ही भाषा बोलणारा शेवटचा माणूस दोन हजार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर थेट मीच. सिनेमा लागला की वर्गाबाहेर रांग.
संकल्प: प्रवेश देताना कडक राहायचं.

३ जून
हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, पण राजा काय बोलतोय ते कळणार कुणाला? म्हटलं, खाली अक्षरं येतात. ही म्हणाली, मग राजाने गप्प बसलं तरी चालेल की. कलेबद्दल हिच्याशी बोलायचं नाही.

११ जून
दिग्दर्शकांना भेटलो. फार नम्र. मला गुरुजी म्हणतात. गुरुजी, एक अक्षरही बदलणार नाही, म्हणाले. फक्त राजाचं भाषण छोटं होईल का? म्हटलं, आमच्यात क्रियापद शेवटी येतं, तोवर सैन्याने थांबायला हवं. म्हणाले, सैन्य थांबेल हो, घोडे थांबत नाहीत.

१९ जून
नटांसाठी सगळे संवाद माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवले. सर्दीने घसा भरलाय, पण उच्चार खणखणीत. आमची क्रियापदं लांबलचक, म्हणून आधी घसा मोकळा करून घेत होतो.

२४ जुलै
शूटिंग. राजा झालेला हीरो मेहनती आहे, सगळं पाठ. माझी भाषा प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. डोळे भरून आले. मग लक्षात आलं, प्रत्येक क्रियापदाआधी हा खाकरतोय. पाणी मागवू का, विचारलं. म्हणाला, नाही सर, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे तसंच करतोय. बाकी भाषा सोपी आहे, हे एक अक्षर फार छळतं.
खरं सांगणारच होतो. पण सगळं युनिट टाळ्या वाजवायला लागलं. उद्या सांगतो.

२५ जुलै
आज वेळ बरी नव्हती.

२६ जुलै
सांगितलं! दिग्दर्शकांचा चेहरा पडला. म्हणाले, गुरुजी, अख्ख्या भाषेत तेवढंच तर अस्सल वाटतं. सैन्यालाही शिकवून झालंय. तेवढ्यात मैदानावरचं सैन्य एकदम खाकरलं आणि सेनापतीचा घोडा उधळला.
संकल्प: एडिटिंगच्या वेळी ठाम राहायचं.

९ नोव्हेंबर
एडिटिंग. राजाचं भाषण आता आजच्या भाषेत. सेनापतीचंही. मग माझ्या भाषेतलं ठेवलंय काय, विचारलं. दिग्दर्शकांनी पडद्याकडे बोट केलं. राजाने तलवार उपसली, सैन्याकडे पाहिलं आणि खाकरला. खाली अक्षरं आली, 'तुटून पडा!' मी कपाळावर हात मारून घेतला. तो हावभाव त्यांना आवडला, सिनेमाच्या पुढच्या भागात राजाला देतो म्हणाले.
हिला सांगितलं, थोडी तडजोड झाली, पण आत्मा शाबूत आहे.

१६ जानेवारी
सिनेमा लागला. तुफान गर्दी. राजा खाकरला की थिएटर खाकरतं. शेवटच्या नावांत मी ध्वनी विभागात, तेही घोड्यांच्या आवाजाखाली. ही म्हणाली, तुमच्या कफाचं सोनं झालं हो. मला रडूच आलं. अंधार होता म्हणून बरं.

३ फेब्रुवारी
विभागप्रमुखांचा फोन. वर्ग भरला! खिडकीतही मुलं बसणार म्हणे. मी म्हणतच होतो!
संकल्प: पहिल्याच तासाला सत्य सांगायचं. भाषेशी बेइमानी नाही.

४ फेब्रुवारी
सांगितलं. म्हटलं, खाकरणं ही भाषा नव्हे, ती माझी सर्दी. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, सर, सिनेमासाठी मोठे तज्ज्ञ नेमले होते. म्हटलं, तो तज्ज्ञ मीच. सगळे हसले. मधल्या सुट्टीनंतर निम्मी बाकं रिकामी.

५ फेब्रुवारी
आज आणखी कमी. विभागप्रमुख दाराशी उभे राहून डोकी मोजत होते. परीक्षा विभागातली ती खुर्ची डोळ्यांसमोर आली. फळ्यावर लिहिलं, 'राजा येतो'. 'राजा' म्हटलं आणि थांबलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. काय करणार? खाकरलो.
वर्गात जान आली. बाहेर गेलेलेही आत आले. फक्त याच सत्रापुरतं, पुढे हळूहळू सोडवू.
पण पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, तुमचा उच्चार जरा चुकतोय, ते आणखी खालून यायला हवं. तिने करून दाखवलं. मी तिच्यामागून म्हटलं. दुसऱ्या खेपेला जमलं.