गालाला न लागणारी शिवण

सिस्टर,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला सलग आठवत नाही, तुकड्यातुकड्यानं आठवतो. आज दुपारी मात्र एक वाक्य अगदी कानाशी आलं. "ओढू नकोस, पोरी. ओढलंस की फाटतं." मी एव्हरशाईन सिटीत मुलीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर मशीन मांडून बसले होते. मशीननं पुन्हा एकदा कापड गिळलं होतं आणि मी दोन्ही हातांनी ते ओढणार, इतक्यात तुम्ही बोललात. मी हात काढून घेतले. सुई वर घेतली, मशीनचा दाबपाय उचलला, बॉबिन बाहेर काढून खालचा दोरा कापला. कापड सुटलं, पण कोपरा आधीच कुरतडला गेला होता. तो तुकडा बाजूला ठेवला. बाजूला ठेवलेल्या तुकड्यांचा आता छोटा ढीग झाला आहे.

मला नात झाली आहे, सिस्टर. यायच्या वेळेच्या खूप आधी आली. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे. आमच्या वाडीतल्या बायका विचारतात, "कशी आहे गं?" मी म्हणते, "पेटीत आहे." कुणीतरी माझ्या पिशवीत दोन केळी ठेवतं, कुणी जास्वंदीची कळी ठेवतं, आणि मी रिक्षात बसते.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्यात मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. झबलं नाही, कुंची नाही, साधा लंगोटसुद्धा नाही. माझ्या मुलीनं सातव्या महिन्यात एकदा विचारलं होतं, "आई, निदान एक गोधडी तरी?" मी म्हटलं, "घाई कसली? बाळ हातात आलं की बाराव्या दिवसापर्यंत चार शिवून देईन." ती हसली होती. म्हणाली, "कॉन्व्हेंटात शिकलीस आणि तरी हे मानतेस?" मी म्हटलं, मानत नाही, फक्त मोडत नाही. आता बाळ आलं आहे आणि हातात आलेलं नाही, आणि अशा वेळी शिवायचं की नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही. आई असती तर तिलाही सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलातली नर्स तरुण आहे. मराठीत मधेच हिंदी बोलते. तिनं मला काचेबाहेर उभी बघितलं आणि एक दिवस जवळ येऊन म्हणाली, "आजी, रोज येऊन नुसत्या उभ्या राहता. घरी जुनं सुती कापड आहे का? मऊवालं?" मी म्हटलं, आहे. "मग छोटीशी गोधडी शिवा. पातळ. धुऊन, उकळून, इस्त्री करून आणा. पण शिवण जाडी नको, गाठ नको, चलेगा नहीं. मी हात फिरवून बघणार. उसकी स्किन अजून कागदासारखी आहे." तिनं मला काम दिलं, एवढ्यानंच मला रडू आलं. घरी जाऊन मी ट्रंक उघडली आणि आईची ती फिकट निळी सुती साडी काढली, जी तिनं शेवटची काही वर्षं घरात नेसली होती. आईच्या साड्यांतली तेवढी एकच उरली आहे. धुऊन धुऊन कापड सायीसारखं झालंय. मध्ये मध्ये इतकं विरलंय की उजेडात धरलं तर बोटं दिसतात. चांगला भाग सलग कुठेच नाही, म्हणून तुकडे कापून जोडणं आलं. आणि जोडणं आलं की तुम्ही आलात.

कॉन्व्हेंटातली शिवणवर्गाची ती खोली मला अजून दिसते. खिडकीबाहेर चिकूचं झाड, भिंतीला टेकून काळी मशीनं, आणि मागच्या बाजूला तुमचा तो छोटा दवाखाना, जिथे चांदीप गावाकडच्या पाड्यांवरून बायका पोटुशा चालत यायच्या आणि पुढच्या वेळी पोर कडेवर घेऊन यायच्या. त्या पोरांसाठी आम्ही गोधड्या शिवायचो. तुम्ही लोकांकडून जुन्या साड्या, जुनी धोतरं मागून आणायच्यात आणि आम्ही नववीतल्या मुली बसून चौकोन जोडायचो. तुम्ही मशीनच्या सुईखालच्या लोखंडी पट्टीवर, सुईपासून पाव इंच मोजून, दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवला होता. "कापडाची कड या भिंतीला घासत चालली पाहिजे. भिंत सोडायची नाही, भिंतीवर चढायचं नाही. पाव इंचाहून कमी घेतलीस तर उसवेल, जास्त घेतलीस तर टोचेल." माझी शिवण काही केल्या सरळ जायची नाही. एकदा तुम्ही ती उचलून सगळ्या वर्गाला दाखवलीत. "ही शिवण आहे की वसईची खाडी? बघा, इथून वळली, तिथून वळली, समुद्राला पोचलीच नाही." मुली खूप हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

मग तुम्ही ते केलंत जे तुम्ही प्रत्येकीला एकदा तरी करायच्यात. माझ्या जवळ आलात, म्हणालात, "डोळे मीट." आणि माझीच शिवण माझ्या गालावरून हळूच ओढलीत, कानापासून हनुवटीपर्यंत. "कुठे लागलं?" मी म्हटलं, इथे, आणि इथे. "मग बघ. तू एवढी घोडी झालीस तरी तुला लागतं. ज्याला जगात येऊन एकच दिवस झाला, त्याला केवढं लागेल?" तुम्ही ओरडला नाहीत. मला कात्री दिलीत आणि माझ्या शेजारी बसून राहिलात. मी उसवत असताना तुम्ही तुमच्या घरच्या बोलीत काहीतरी गुणगुणत होतात. आमच्या घरची बोली वेगळी, त्यातलं मला निम्मंच कळायचं. तुमच्या हाताला फिनेलचा वास यायचा.

चिंधीचंही तुम्हीच शिकवलंत. प्रत्येक मशीनपाशी एक चिंधी असायची. टीप सुरू करताना आधी ती चिंधी दाबपायाखाली घालायची, दोन्ही दोरे मागे बोटानं धरायचे, चार टाके चिंधीवर पडू द्यायचे आणि मग दोरा न कापता तिच्या मागोमाग चांगलं कापड आत सोडायचं. "मशीन भुकेलेलं असतं. पहिला घास चिंधीचा. मग ते तुमच्या कापडाला तोंड लावत नाही." आम्ही तिला उष्टी चिंधी म्हणायचो. सगळ्या वर्गाचे टाके बसून बसून ती पुठ्ठ्यासारखी कडक झालेली असायची. मला वाटतं, आमच्या सगळ्यांच्या चुका तिच्यातच होत्या.

मुलीचं मशीन विजेचं आहे. तिनं हौसेनं घेतलं, दोन उशांचे अभ्रे शिवले आणि कपाटात ठेवलं. माझं पायाचं मशीन वाडीतल्या घरी आहे, पण त्याचा पट्टा तुटलाय आणि चाक गंजलंय. पहिल्या दिवशी मी चिंधी विसरले. सुई खाली गेली, कापडाचा कोपरा तिच्याबरोबर आत गेला आणि मशीन घुरघुरत थांबलं. जावई मोजे काढत होते. म्हणाले, "आई, त्याला भूक लागली असेल. डबा उघडा त्याच्यासमोर." थट्टाच होती, पण मला तुमची चिंधी आठवली ती त्यांच्यामुळे. चिंधी लावल्यावर सुरुवाती नीट होऊ लागल्या. पण पाव इंचाच्या शिवणीत कड अगदी सुईपाशी येते, आणि आईची साडी इतकी हलकी की जिथे दोन जोड एकमेकांना भेटतात तिथे ती मधूनच खाली डोकावते आणि मशीन तिला घेऊन जातं. मी दोरा बदलला, सुई बदलली, टाका लहान केला, मोठा केला. तुकडे बाजूला पडत गेले. साडी काही वाढणार नव्हती.

रोज सकाळी हॉस्पिटलात जाते. आत फक्त मुलीला सोडतात, ठरलेल्या वेळी. मी काचेबाहेर. बाळाच्या गालावर नळी धरून ठेवायला पांढरी चिकटपट्टी लावली आहे, कागदासारखी पातळ. गाल पट्टीपेक्षा लहान आहे. माझी मुलगी पेटीच्या गोल भोकातून हात आत घालून बसते. हात हलवत नाही, नुसता ठेवते. ओढायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे. मी प्रार्थनेला उभी असते म्हणावं तर कुठली प्रार्थना ते ठरत नाही. शाळेतली येते, तिच्यात मधेच आईची रामरक्षा मिसळते, आणि दोन्ही अर्धवट राहतात. तुम्ही असता तर रागावला नसता. म्हणाला असता, दोन्ही चालू दे.

परवा जावयांनी हॉस्पिटलनं लिहून दिलेलं सामान आणलं. त्यात त्याच पांढऱ्या पट्टीची दोन रिळं होती. एक जास्तीचं म्हणून टेबलावर राहिलं. मी मशीन उलटसुलट बघत होते. तेव्हा दिसलं की या मशीनच्या लोखंडी पट्टीत सुईसाठी गोल भोक नाही, आडवी लांब फट आहे, वाकडीतिकडी टीपही मारता यावी म्हणून ठेवलेली. आपल्या काळ्या मशीनांना जेमतेम सुई जाईल एवढंच भोक असायचं. कापडाला पडायला जागाच नसायची. मी त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापून फटीवर चिकटवला, कापड पुढे सरकवणारे खालचे दाते मोकळे ठेवून. सुईनं स्वतःचं भोक स्वतः पाडून घेतलं. मग पाव इंच मोजून दुसरा तुकडा लावला, तुमची भिंत. आणि सिस्टर, शिवण चालली. चौकोन एकामागून एक सरकत गेले आणि मशीननं एकाला तोंड लावलं नाही. मी थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी एवढंच करू शकत होते आणि ते मला जमलं होतं.

आज शेवटची टीप राहिली होती, दोन अर्धे जोडायची, बरोबर मधोमध. ती अर्ध्यावर असताना फोन वाजला. या घरात हल्ली फोन वाजला की सगळेच जागच्या जागी थांबतात. मी थांबले नाही. माझा पाय पेडलवर दाबला गेला. मशीन सुसाट गेलं आणि चिकटपट्टीसकट कापड आत ओढून थांबलं. फोन मुलीचा होता. "आई, मी निघालेय. आज डबा संपवला सगळा, तू रागावू नयेस म्हणून सांगते. बाळ तसंच आहे." तसंच. या शब्दावर आम्ही दिवस काढतो आहोत.

मग मी ओढणार होते आणि तुम्ही बोललात, ते वर लिहिलंच आहे. फाटलं नाही. पण कोपरा कुरतडला होता तो तुकडा बदलून पुन्हा जोडल्यावर, त्या जागी कापड किंचित गोळा झालंय. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. अस्तरासाठी ठेवलेला पदर सोडला तर दुसरं कापड आता नाही, पण तेवढंच उसवून सोडवता येईल. मी डोळे मिटले आणि शिवण गालावरून ओढली, कानापासून हनुवटीपर्यंत, तुम्ही शिकवल्यासारखी. काही लागलं नाही. पुन्हा ओढली. गाठ कुठे आहे हे मला दिसत होतं, बोटाला कळत होतं, पण गालाला कळत नव्हतं. माझा गाल आता म्हातारा झालाय, सिस्टर. मग बाकीच्या शिवणी मी याच गालावर तपासल्या आहेत, त्यांचं काय? इतके दिवस मी लागत नाही, लागत नाही म्हणून त्या ठीक समजत गेले.

मी कात्री शोधत होते तेवढ्यात मुलगी आली. चप्पल न काढताच सोफ्यावर बसली आणि टेबलावरून गोधडीचा जोड उचलला.

"झाली?"

"एक जागा राहिलीय. दे इकडे."

"ही आजीची निळी ना?"

"हो. दे, दोन मिनिटं."

"असू दे गं थोडा वेळ," ती म्हणाली, आणि तो गालाशी धरून आडवी झाली. मी म्हटलं, कुठे टोचतंय का बघ, डोळे मिटून बघ. तिनं डोळे मिटले. "मऊ आहे," म्हणाली. मी वाकून बघितलं तर झोपली होती. बाळ झाल्यापासून ती अशी झोपली नव्हती. दिवसा झोपते ती दचकून उठण्यासाठीच.

हे पत्र मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अजून पदराचं अस्तर लावायचंय, धुवायचंय, उकळायचंय. मग नर्स हात फिरवून बघेल आणि तिची बोटं तरुण आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, गाठ दिसली की उसव, मागाहून नाही, आत्ता. मी तुमचं ऐकायची. पण मुलीचा गाल अगदी त्या गाठीवर आहे. तिला तिथे काही लागत नाही, की लागतंय आणि तरी ती झोपली आहे, ते मला सांगता येत नाही. कात्री माझ्या हातात आहे. मी तिला अजून उठवलेलं नाही.