हिल्माची रायफल काइसाला देताना

१२ ऑक्टोबर

काइसाला रायफल हवी आहे. स्वतःची! आमच्या एलेनची पोर, काल-परवापर्यंत माझे बूट घालून घरभर खडखडत फिरायची. वीस वर्षांची झाली आणि फोनवर म्हणते, "आजोबा, या हंगामात मी बाबांबरोबर शिकारीच्या कॅम्पवर जाणार. उसनी बंदूक घेऊन नाही. कुठली घेऊ, तुम्ही सांगा."

बापाला नाही विचारलं, मला विचारलं! जावईबापूंना कळलं तर आठवडाभर तोंड पाडून बसतील. लायल माणूस वाईट नाही, पण हरणाच्या बाबतीत स्वतःला फार शहाणा समजतो.

हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. महिनाभर आहे हातात.

१५ ऑक्टोबर

काइसा आली. येताना वेलदोड्याचा पाव आणला, म्हणजे लाच. बरोबर इंटरनेटवरून उतरवलेली रायफलींची यादी. पहिल्याच नावाला मी हात जोडले.

"तुला हरीण मारायचंय की ट्रक उलटवायचाय?"

"सगळे म्हणतात मोठी घ्यावी."

"सगळ्यांचे खांदे बघ जाऊन. दोन गोळ्या झाडल्यावर तुला तिची धास्ती बसेल. मग डोळे मिटून चाप ओढशील. डोळे मिटलेला माणूस जंगलात नको मला."

मग तिला विचारलं, जे एकतीस वर्षं नव्या शिकाऱ्यांच्या सुरक्षा-वर्गात प्रत्येकाला विचारत आलो — बंदूक राहणार कुठे? ती घर वाटून राहते. बरोबर ती काम करते त्या नर्सिंग होममधली एक मैत्रीण, मैत्रिणीचं चार वर्षांचं पोर. आणि ही बया म्हणते, "पलंगाखाली ठेवीन की."

पलंगाखाली! चार वर्षांचं पोर सगळ्यात आधी कुठे लपतं? मी एवढा ओरडलो की कुत्रं उठून बाहेर गेलं. आधी कुलपाचं लोखंडी कपाट, मग बंदूक. काडतुसं वेगळ्या डब्यात, त्याची किल्ली वेगळी. आणि मैत्रिणीला स्पष्ट विचारायचं. ती नको म्हणाली तर बंदूक माझ्याकडे राहील, हवी तेव्हा येऊन न्यायची.

गाल फुगवून बसली थोडा वेळ. मग पेन घेतलं आणि सगळं हातावर लिहिलं.

१७ ऑक्टोबर

मैत्रीण हो म्हणाली — पण आधी कपाट बघेन, मग बंदूक आत येईल. शहाणी बाई.

२१ ऑक्टोबर

बर्निसच्या बंदुकांच्या दुकानात तासभर. काइसाने सहा रायफली खांद्याला लावून पाहिल्या. सगळ्या लांब. लाकडी दस्ता काखेत अडकतो, डोळा दुर्बिणीपर्यंत पोचत नाही. बर्निस काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "आर्वो, या सगळ्या तुझ्यासारख्या ताडमाड माणसांसाठी केलेल्या. हिल्मासाठी तू दस्ता कापून घेतला होतास ना?"

हिल्माची रायफल! बायको जाऊन तीन वर्षं झाली, कपाटात उभी आहे ती. साधी, बोल्ट मागे ओढून भरायची, एका वेळी एक गोळी, झटका कमी, दस्ता आखूड. आजी आणि नात एकाच उंचीच्या. माझ्या कसं लक्षात नाही आलं? गेल्या हंगामात लायलच्या बहिणीला हवी होती म्हणून तेवढी एकदा बाहेर निघाली होती.

काइसाला गाडीत सांगितलं. रडली. मीही.

२९ ऑक्टोबर

आज लिहीत नाही.

३० ऑक्टोबर

लिहायलाच हवं.

काल दुपारी काइसा आणि एलेन आल्या. एलेनने माझे कपडे धुतले आणि घड्या घालायला आतल्या खोलीत गेली. मी कपाटातून हिल्माची रायफल काढली, फडक्याने पुसली आणि स्वयंपाकघरात काइसाच्या हातात दिली.

नुसती दिली. उघडली नाही.

एकतीस वर्षं नगरभवनात उभं राहून मी एकच गोष्ट घोकून घेतली आहे. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणाऱ्याने बोल्ट मागे ओढायचा, आत दाखवायचं, म्हणायचं, "रिकामी." घेणाऱ्याने स्वतः डोळ्यांनी बघायचं, म्हणायचं, "पाहिली." मग सोडायची. बारा वर्षांच्या पोरांना मी यावर नापास केलंय! त्यांच्या बापांनी माझ्याशी बोलणं टाकलंय!

आणि मी काय म्हणालो? "धर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धर. चाप ओढून बघ, किती हलका आहे."

घरातली बंदूक. माझ्या कपाटातली. ती भरलेली कशी असेल? आमच्याकडे सगळे असंच म्हणतात, आणि मी असं म्हणणाऱ्यांना वर्गात हसतो.

काइसाने खांद्याला लावली नाही. नळी जमिनीकडे केली, बोल्ट ओढला. काडतूस टुणकन उडालं, फरशीवर पडलं आणि घरंगळत चुलीखाली गेलं. जिवंत काडतूस.

कॅलेंडरच्या मागे पातळ फळ्यांची भिंत. भिंतीमागे एलेन. माझे पायमोजे जुळवत होती आणि गाणं गुणगुणत होती. आम्हाला ऐकू येत होतं.

काइसा पांढरीफटक. म्हणाली, "आजोबा, तुम्ही 'रिकामी' म्हणाला नाहीत. म्हणून बघितलं."

मी खुर्चीत बसलो. एलेन बाहेर आली — "काय पडलं?" काइसाने गुडघ्यावर बसून चुलीखालून काडतूस काढलं आणि टेबलावर ठेवलं. एलेनने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पायमोज्यांची जोडी तिच्या हातातच होती.

रात्रभर एकच विचार. कुणी भरली?

१ नोव्हेंबर

कुणी भरली ते उघड आहे. माझ्याशिवाय ती फक्त लायलकडे गेली होती. बहिणीला दिली, परत आणताना भरलेलीच आणून टेकवली. बेपर्वाई! दुसरं काय?

आज त्याच्या घरी गेलो. काइसा तिथेच होती, बरंच झालं म्हटलं, तिलाही कळू दे. जेवणाच्या टेबलावर काडतूस ठेवलं. "हे ओळखतोस? हे तुझ्या बायकोच्या पाठीत गेलं असतं. तुझ्या पोरीच्या हातून."

त्याचा चेहरा लाल झाला. "बाबा, परत देताना मी तुम्हाला —" म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मग काइसाकडे बघितलं. मांस भरलेल्या पेस्टीचा तुकडा तसाच ताटात.

"चुकलं माझं," म्हणाला. "मीच भरलेली ठेवली असणार."

असणार! मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. बाप म्हणवून घ्यायची लायकी नाही, एवढं शेवटचं होतं. त्याने मान खाली घातली. ताट घेऊन काइसा उठून गेली.

४ नोव्हेंबर

काइसा म्हणते, बाबांबरोबर कॅम्पवर जाणार नाही. हंगामच नको. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. तुझ्या आयुष्यातली पहिली बंदूक, आणि बापाने ती अशी भरून ठेवली.

५ नोव्हेंबर

पहिलं बर्फ. लायलने येऊन माझा रस्ता साफ करून दिला. मी दार उघडलं नाही.

८ नोव्हेंबर

एलेनचा फोन. "बाबा, पुरे करा आता. काइसा त्याच्याशी बोलत नाही. तो गॅरेजमध्ये एकटा जेवतो."

"जेवू दे. तू मेली असतीस!"

"मेले नाही ना? मग ऐका. त्याला एवढं बोलू नका, तुम्हालाच नंतर वाईट वाटेल."

मला? मला कशाला वाईट वाटेल! माझ्याच पोरीला नवऱ्याचा एवढा पुळका! विचारलं तर म्हणे, "मला काही माहीत नाही, तो सांगत नाही," आणि फोन ठेवला. ठीक आहे. या वहीत मी सगळं लिहितो. त्याने रायफल कधी, कशी परत केली तेही लिहिलेलं असेलच. शोधतो आणि तारखेसकट तिच्यासमोर धरतो.

९ नोव्हेंबर

सापडलं. गेल्या वर्षीचा ४ डिसेंबर: "लायल हिल्माची रायफल देऊन गेला. उघडून दाखवली. पाहिली. रिकामी."

मला वाटलं वाचण्यात चूक झाली. पुढची पानं उलटत गेलो. या वर्षीचा ७ मे: "अंगणात अस्वल, पक्ष्यांचे दाणे खातंय. हिल्माची रायफल भरून दाराशी ठेवली. जेवेपर्यंत अस्वल गेलं. रायफल परत कपाटात. लायलला फोन करून सांगितलं, पोट धरून हसला."

अक्षर माझं. अस्वल मला आठवत नाही. फोन आठवत नाही. आत्ता वाचूनही आठवत नाही!

लायलला ते अस्वल आठवत होतं. माझ्यासमोर, पोरीसमोर उभा राहून त्याने सगळं स्वतःवर घेतलं.

कपाटाच्या दोन्ही किल्ल्या — यापुढे त्या लायलकडे राहतील — आणि ही वही घेतली आहे. त्याच्याकडे निघालोय. काइसाला तिथे बोलावलंय — ही दोन पानं तिने वाचून दाखवायची, सगळ्यांसमोर.